मुलांचा दमा, मोठ्यांचा दमा: प्रकार कसे ठरत गेले

दम्याचे प्रकार पाडण्याचा पहिला टिकाऊ प्रयत्न १९४७ चा. धूळ, परागकण, प्राण्यांचे केस अशा कशाची तरी ॲलर्जी सापडली तर दमा बाह्य कारणाचा, नाही सापडली तर आंतरिक. लहानपणी सुरू होणारा बहुधा पहिल्या खान्यात जाई, चाळिशीनंतरचा दुसऱ्या. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ॲलर्जीत वाढणाऱ्या आयजीई या रक्तातल्या प्रतिपिंडाचा शोध लागला आणि या विभागणीला रक्ततपासणीचा आधार मिळाला.

पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र ती कधीच नीट लागू पडली नाही. सर्दी झाली की छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, सर्दी गेली की मूल हुंदडत असते. याला दमा म्हणायचे का? ब्रिटन-ऑस्ट्रेलियात अशा मुलांना बराच काळ ब्रॉन्कायटिसच्या, म्हणजे श्वासनलिकांच्या सुजेच्या, खात्यात टाकले जाई. ऐंशीच्या दशकात तिथे उलट तक्रार सुरू झाली, की दम्याचे नाव टाळल्याने मुलांना योग्य औषधच मिळत नाही.

अमेरिकेत टक्सन शहरात १९८० पासून हजाराहून अधिक नवजात बाळांच्या नोंदी ठेवायला सुरुवात झाली. १९९५ मध्ये त्यातल्या ८२६ मुलांचे चित्र समोर आले. जवळपास निम्म्या मुलांच्या छातीत सहा वर्षांच्या आत कधी ना कधी असा आवाज आला होता. सुमारे २० टक्के मुलांचा त्रास तिसऱ्या वर्षाआधी होऊन सहाव्यापर्यंत थांबला, सुमारे १४ टक्क्यांचा टिकून राहिला, १५ टक्क्यांचा तिसऱ्या वर्षानंतर सुरू झाला. काम मोलाचे, पण हे प्रकार मागे वळून पाहिल्यावरच कळतात. दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या आईला त्यातून काय सांगणार?

म्हणून २००८ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांच्या एका गटाने वेगळा मार्ग धरला. पुढे काय होईल ते सोडा, आज काय दिसते त्यावरून ठरवा. फक्त सर्दीतच त्रास होत असेल आणि एरवी मूल ठणठणीत असेल तर एक प्रकार. धावल्यावर, खदखदून हसल्यावर, रडल्यावर, धुरातही होत असेल तर दुसरा. रोज स्टेरॉइडचा पंप मुख्यतः दुसऱ्यासाठी. शाळेआधीच्या वयात दमा हा शब्दच शक्यतो वापरू नये, असेही या गटाचे मत होते.

या निर्णयाचे श्रेय नाकारता येत नाही. सर्दीपुरता त्रास असलेल्या कितीतरी मुलांचे वर्षभराचे औषध त्यामुळे टळले असणार. दोन वर्षे रोज पंप दिला तरी पुढचा दमा टळत नाही, हे २००६ मध्येच दिसले होते. सर्दीमुळे धाप लागलेल्या लहानग्यांना रुग्णालयात सरसकट तोंडावाटे स्टेरॉइड देऊन फायदा होत नाही, हे २००९ मध्ये दिसले. पण खाने पक्के नव्हते. पावसाळ्यात 'फक्त सर्दीतच होतं' असे सांगणारी आई दिवाळीच्या धुरानंतर येते तेव्हा तेच मूल दुसऱ्या प्रकारात गेलेले असते. आणि प्रकार सौम्य ठरला म्हणून झटकेही सौम्यच येतील असे नाही. फक्त सर्दीत त्रास होणाऱ्या, पण दर वेळी ऑक्सिजनपर्यंत जाणाऱ्या मुलाला रोजच्या पंपाविना ठेवणे ही या विभागणीची खरी किंमत होती. २०१४ मध्ये युरोपीय तज्ज्ञांनीच मान्य केले, की बऱ्याच मुलांत ही रेघ पुसट आहे. झटके वारंवार किंवा तीव्र असतील तर पहिल्या प्रकारातही पंप देऊन पाहावा. आपल्याकडे अजूनही ही दुरुस्ती बाजूला ठेवून २००८ ची विभागणीच ऐकायला मिळते, याची खंत वाटते.

मोठ्यांच्या बाबतीत गाडी भराभर पुढे गेली. तीव्र दम्यात श्वासनलिकेत इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) असणारे आणि नसणारे असे दोन गट आहेत, हे १९९९ मध्ये दिसले. याच पेशींविरुद्धचे एक इंजेक्शन निवड न करता दिले तेव्हा फारसे चालले नाही. २००९ मध्ये पेशी वाढलेलेच रुग्ण निवडले, तर झटके निम्म्याच्या आसपास आले. उशिरा सुरू झालेला, ॲस्पिरिनने उसळणारा, लठ्ठपणासोबतचा, कामाच्या जागी होऊन सुट्टीत कमी होणारा असे प्रकार आता वेगळे काढले जातात.

अशा पेशींविरुद्धची इंजेक्शने मुलांना साधारण सहा वर्षांपासून पुढे देतात. त्याहून लहानांत फुंकर मारायची चाचणीही नीट जमत नाही. तिथे घरच्यांनी सांगितलेली हकिगत, जमल्यास झटक्याच्या वेळी मोबाइलवर टिपलेला श्वासाचा आवाज, आणि दोन-तीन महिने स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून) पंप देऊन, मग थांबवून काय होते ते पाहणे, यावरच निदान ठरते.