विल्यम्स, ॲलन

विल्यम्स, ॲलन हॅरल्ड : (९ जून १९२७ – २ जून २००५). इंग्रज अर्थशास्त्रज्ञ व ब्रिटनमधील आरोग्य-अर्थशास्त्राच्या प्रवर्तकांपैकी एक. जन्म बर्मिंगहॅम येथे. बर्मिंगहॅम विद्यापीठाची वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर त्यांनी एक्सटर येथे अध्यापन केले. सार्वजनिक वित्तव्यवहार हा त्यांचा मूळ विषय होय. १९६४ च्या सुमारास ते नव्याने स्थापन झालेल्या यॉर्क विद्यापीठात आले, १९६८ मध्ये प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. मधल्या काळात (१९६६–६८) ते ब्रिटिश ट्रेझरीत (अर्थखात्यात) प्रतिनियुक्तीवर होते. १९७६ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठी नेमलेल्या शाही आयोगाचेही ते सदस्य होते.

त्यांचे नाव मुख्यतः ‘गुणवत्ता-समायोजित आयुर्वर्ष’ (क्वाली) या मापाशी जोडले जाते. पूर्ण आरोग्यातील एका वर्षाचे मूल्य १ आणि मृत्यूचे ० धरल्यास, ०·५ गुणवत्तेने जगलेली दहा वर्षे पाच क्वालींइतकी भरतात. या मापाचे जनकत्व विवाद्य आहे. क्लार्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये मूत्रपिंडविकारावरील उपचारांची तुलना करताना प्रत्यारोपणानंतरचे एक वर्ष डायलिसिसवरील सव्वा वर्षाइतके मानले, म्हणून काही अभ्यासक त्यांना अग्रमान देतात. परंतु हा गुणक लोकांच्या पसंतीक्रमावरून काढलेला नसल्याने तो दावा काहीसा ओढूनताणून केलेला वाटतो. फॅनशेल व बुश (१९७०) आणि कॅनडातील टॉरन्स यांनी आरोग्यस्थितींना पद्धतशीर मूल्ये देण्याचा मार्ग घालून दिला, तर प्रत्यक्ष संज्ञा झेकहाउझर व शेपर्ड यांच्या १९७६ मधील लेखात प्रथम आढळते, असे सामान्यतः मानले जाते. विल्यम्स यांचा वाटा या मापाच्या शोधापेक्षा त्याच्या वापरात अधिक आहे.

हा वापर त्यांच्या १९८५ च्या हृदय-बायपास शस्त्रक्रियेवरील लेखात स्पष्ट दिसतो. त्यात एका क्वालीमागील खर्च पेसमेकरसाठी सुमारे ७०० पौंड, खुब्याच्या सांधेबदलासाठी ७५० पौंड, तर रुग्णालयातील डायलिसिससाठी १४,००० पौंड असा मांडला होता. त्यासाठी वापरलेली रॉसर-काइंड कोष्टकातील (निरनिराळ्या आरोग्यस्थितींना गुण देणाऱ्या तक्त्यातील) मूल्ये अवघ्या ७० व्यक्तींच्या मतांवर आधारलेली होती, हा आक्षेप रास्त होता. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या, आरोग्याची गुणवत्ता मोजण्याचे साधन तयार करणाऱ्या युरोपीय संशोधकांच्या युरोक्वोल गटातील कामाने ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली. चालणे-फिरणे, स्वतःची निगा, नित्य व्यवहार, वेदना आणि चिंता या पाच बाबींवरील त्या गटाच्या प्रश्नावलीसाठी यॉर्कच्या संशोधकांनी १९९३ मध्ये सुमारे तीन हजार ब्रिटिश नागरिकांच्या मुलाखती घेतल्या.

तत्त्वज्ञ जॉन हॅरिस यांनी १९८७ मध्ये क्वाली हे माप वृद्धांवर अन्याय करणारे असल्याची टीका केली. पुढे १९९७ मध्ये, स्वतः सत्तरीला टेकलेल्या विल्यम्स यांनी क्रिकेटच्या परिभाषेतील ‘वाजवी डावा’ची कल्पना उचलून धरली : ज्याचा डाव पुरेसा खेळून झाला आहे त्याच्यापेक्षा ज्याचा व्हायचा आहे त्याच्या आरोग्यलाभाला अधिक वजन द्यावे. ही कल्पनाही मुळात हॅरिस यांच्याच लेखनात चर्चिली गेली होती, हे येथे लक्षणीय आहे.

१९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘नाइस’ या ब्रिटिश संस्थेने उपचारांच्या मूल्यमापनात क्वालीचा अवलंब केला. भारतीयांच्या पसंतीवर आधारित युरोक्वोल मूल्यसंच (प्रश्नावलीतील आरोग्यस्थितींची मूल्ये) २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.