‘हेल्दी फूड’ चुकीचं नाही

‘हेल्दी’ फक्त सजीवांना लावायचं, अन्नाला ‘हेल्थफुल’च म्हणायचं, असा इंग्रजीचा एक नियम वर्षानुवर्षं सांगितला जातो. त्याला आधार नाही. ‘आरोग्याला पोषक’ या अर्थाने ‘हेल्दी’ १६व्या शतकापासून वापरात आहे. तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९३ साली बागकाम आणि लाकूडकाम यांना ‘हेल्दी रिक्रिएशन्स’ म्हटलं, आणि बागकाम काही सजीव नव्हे. हा भेद भाषाशुद्धीवाल्यांनी पुढे आणला तो थेट १८८०च्या दशकात, म्हणजे वापर रुळून तीन शतकं उलटल्यावर! ‘हेल्दी ब्रेकफास्ट’ लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापणं म्हणूनच मला अन्यायाचं वाटतं. ‘हेल्थफुल’ही बरोबरच, फक्त आता ते पुस्तकी वाटतं. ‘हेल्दी प्रॉफिट’ म्हणजे घसघशीत नफा, हाही वापर शब्दकोशांनी केव्हाच स्वीकारला आहे.