हब सील : अवजड ट्रकमधील गळतीचे निदान आणि बदल

अवजड ट्रकच्या चाकाच्या हबमध्ये, ब्रेक ड्रमच्या आतल्या अंगाला बसवलेल्या गोल ऑइल सीलला हब सील म्हणतात. हबमधले ग्रीस किंवा गिअर ऑइल आत राखणे आणि चिखल-पाणी बाहेरच अडवणे, ही त्याची कामे. ते निकामी झाले की वंगण थेट ब्रेक लायनरवर (ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्यांवर) उतरते आणि बेअरिंग कोरडे पडू लागते. त्यामुळे भाग किरकोळ किमतीचा असला, तरी त्याची गळती हा ब्रेकचाच बिघाड समजावा. अमेरिकेतील संघीय वाहतूक नियमांत (४९ सीएफआर ३९६.५) व्यावसायिक वाहनातून तेल वा ग्रीस गळता कामा नये, अशी स्पष्ट अट आहे.

रचना

ट्रकचा मागचा एक्सल 'फुल फ्लोटिंग' असतो. गाडीचे वजन एक्सल नळीच्या टोकावर, म्हणजे स्पिंडलवर बसलेली दोन टेपर रोलर बेअरिंगे पेलतात. नळीतून जाणारा शाफ्ट फक्त चाक फिरवतो. सीलचे पोलादी कडे हबमध्ये ठोकून बसवलेले असते. त्याची रबरी कड (लिप) स्पिंडलवर किंवा स्पिंडलवर चढवलेल्या रिंगवर टेकते आणि लिपमागची बारीक गोल स्प्रिंग तिला दाबून धरते. जर्मनीतील फ्रॉयडेनबर्ग कंपनीने १९२९ मध्ये अशी सील आणली तेव्हा लिप चामड्याची होती; कृत्रिम रबर नंतर आले. आजचे नायट्राइल रबर सतत १०० अंश सेल्सिअसच्या आसपास टिकते. त्याहून जास्त उष्णता असेल तर फ्लुओरो रबराचे सील लागते. 'युनिटाइज्ड' सीलमध्ये लिप आणि ती जिच्यावर घासते ती रिंग एकाच डब्यात बंद असतात, त्यामुळे स्पिंडल घासला जात नाही.

भारतातल्या बऱ्याच ट्रकांचे हब ग्रीसवर चालतात, तर अमेरिकेतल्या ट्रकांच्या मागच्या हबमध्ये सहसा डिफ्रेन्शिअलचेच (एक्सलच्या मध्यावरच्या गिअरपेटीचेच) तेल फिरते. निदान करताना हा फरक आधी ध्यानात घ्यावा. ग्रीसच्या हबमधून पातळ तेल वाहत असेल, तर दोष आतल्या सीलपुरता नसतो. शाफ्टच्या बाजूचे सील गेले की डिफ्रेन्शिअलचे तेल हबमध्ये शिरते, ग्रीस पातळ करते आणि मग आतल्या सीलवाटे बाहेर पडते. अशा वेळी फक्त आतले सील बदलले, तर तेच चाक पुन्हा गळत दारात येते.

निदान

पहिली खूण टायरच्या आतल्या भिंतीवर दिसते: हबपासून बाहेर पसरलेले काळे, धूळ चिकटलेले ओघळ. ओघळ चाकाच्या बाहेरच्या तोंडावर असतील तर सील निर्दोष असू शकते. तिथे शाफ्ट फ्लँजचे (शाफ्टच्या टोकाच्या चकतीचे) पॅकिंग किंवा सैल स्टड तपासावेत. ड्रमच्या आत फक्त घट्ट ग्रीस दिसत असेल, तर एस-कॅमच्या (ब्रेक लायनर ड्रमवर दाबणाऱ्या एस आकाराच्या दांड्याच्या) बुशाला दिलेले जास्तीचे ग्रीस आत ढकलले गेले असण्याची शक्यता मोठी. गिअर ऑइल उग्र गंधकी वासाने ओळखू येते. नव्या सीलभोवती दिसणारा हलका ओलावा बहुधा बसवताना लावलेल्या वंगणाचा असतो. पुसून शंभरेक किलोमीटर चालवल्यावर पुन्हा पाहावे. तेल दुधाळ झाले असेल तर पाणी शिरलेले आहे.

यानंतर कारण शोधायचे. सील आपणहून क्वचितच मरते. यात सर्वाधिक दुर्लक्षित वस्तू म्हणजे एक्सल हाउसिंगवरचा (एक्सलच्या बाहेरच्या कवचावरचा) ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करण्याचे छोटे तोंड. तो चिखलाने बुजला की तापलेल्या हाउसिंगमधली हवा बाहेर जायला वाट शोधते आणि ती वाट सीलमधून काढते. उलट, गरम एक्सल पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलवाटे पाणी ओढले जाते. पावसाळ्यात ओढे-नाले ओलांडणाऱ्या गाड्यांत हे नेहमी घडते. दुसरे कारण सैल बेअरिंग: हब डुलत असेल तर लिप एका बाजूने उचलली जाते. तिसरे कारण उष्णता. कसारा किंवा खंबाटकीसारखा घाट फक्त ब्रेकवर उतरवलेल्या गाडीचा ड्रम इतका तापतो, की लिप कडक होऊन तडकते. अशी लिप नखाने वाकवली की तिचे तुकडे पडतात. तिथे सील बदलून भागत नाही, ब्रेक का चिकटतो तेही पाहावे लागते.

बदलण्याची पद्धत

गाडी सपाट जमिनीवर उभी करून बाकीच्या चाकांना गुटके लावावेत. एक्सल जॅकवर उचलून स्टँडवर ठेवावा. नुसत्या जॅकवर काम करू नये. हँडब्रेक सोडून स्लॅक अ‍ॅडजस्टर (लायनर आणि ड्रममधले अंतर ठरवणारा भाग) सैल केला की लायनर ड्रमपासून सुटतात. शाफ्टच्या फ्लँजला शंकूसारखी बुशिंग असतील, तर फ्लँजच्या मध्यावर जड हातोड्याचा घाव घालून ती मोकळी करावीत. फटीत छिन्नी घातली की पॅकिंगचा पृष्ठभाग खरवडतो आणि नवी गळती सुरू होते.

जोडटायर, ड्रम आणि हब मिळून वजन अडीचशे किलोच्या पुढे जाते. म्हणून चाक डॉलीवर (चाके लावलेल्या उचलगाड्यावर) घेऊन सरळ रेषेत ओढावे आणि बसवतानाही तसेच आत ढकलावे. हे वजन क्षणभर जरी नव्या सीलवर टेकले, तरी स्पिंडलच्या आट्यांवर लिप कापली जाते. नवे सील पहिल्याच फेरीत गळते ते बहुधा यामुळेच.

स्पिंडलवर राहिलेली जुनी रिंग छिन्नीने आरपार कापू नये. गोल तोंडाच्या हातोडीने तिच्यावर सभोवार ठोकले की ती ताणते आणि सरकून निघते. स्पिंडलवर नख फिरवावे. अडले तर खाच आहे आणि तिथे नवी रिंग किंवा युनिटाइज्ड सील हवे. निळी पडलेली, खड्डे पडलेली किंवा खरखर वाजणारी बेअरिंग रेससह (रोलर जिच्यावर फिरतात त्या कड्यासह) जोडीनेच बदलावी.

नवे सील 'सील ड्रायव्हर' या खास हत्यारानेच ठोकावे. लाकडी ठोकळ्याने ते तिरके बसते. हातोडीचा आवाज आधी बद्द येतो आणि सील तळाला टेकले की एकदम ठणठणीत होतो, तिथे थांबावे. युनिटाइज्ड सील असेल तर आतली रिंग बोटांनी फिरते का पाहावे. लिपला हबमध्ये असेल तेच वंगण लावावे. ग्रीसच्या हबमध्ये लिथियमचे एनएलजीआय ३ (घट्टपणाची श्रेणी) ग्रीस (बाजारात ज्याला एपी-३ म्हणतात) रोलरांच्या मधे दाबून भरावे, पण हबची पोकळी गच्च भरू नये.

नट घट्ट करण्याची पद्धत निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणेच असावी. अमेरिकन ट्रकिंग असोसिएशन्सच्या तंत्रज्ञान व देखभाल परिषदेची आरपी-६१८ ही शिफारस जगभर वापरली जाते. हब फिरवत आतला नट २७१ न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचा आणि एक पूर्ण फेरा सोडायचा. पुन्हा फिरवत ६८ न्यूटन-मीटर द्यायचे, मग थ्रेडनुसार साधारण पाव फेरा मागे घेऊन लॉक वॉशर आणि चेक नट लावायचा. डायल गेजवर (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापकावर) हबचा खेळ ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर यायला हवा. हाताच्या अंदाजाने हे मोजता येत नाही.

तेल माखलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा बसवू नयेत. तेल आत मुरलेले असते आणि ड्रम तापला की ते वर येते. लायनर त्या एक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत, नाहीतर ब्रेक एका बाजूला ओढतो. जुन्या लायनरची धूळ हवेने उडवू नये. तीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते.

तेलाच्या हबमध्ये शेवटची पायरी अनेकदा सुटते. नुकताच जोडलेला हब कोरडा असतो. डिफ्रेन्शिअलचे तेल आपोआप लगेच तिथे पोचत नाही आणि बेअरिंग काही किलोमीटरांत जळते. एक्सलची एक बाजू सुमारे १५ सेंटिमीटर उचलून मिनिटभर धरावी, मग दुसरी, आणि गाडी सपाट करून पुन्हा मिनिटभर थांबून पातळी पाहावी. हबला स्वतंत्र भरण्याचे भोक नसलेल्या एक्सलमध्ये यानंतर लिटरभराहून थोडे जास्तच तेल लागते. ब्रीदर साफ झाला आहे का, हे गाडी जॅकवरून उतरवण्याआधी पुन्हा एकदा पाहावे.