पार्श्वभूमी : पुण्याच्या रिंकवरचे ‘पेअर’ आणि त्यामागचा गुंता

पुण्यात जोडीने स्केटिंग करणाऱ्या खेळाडूची कारकीर्द समजून घ्यायची, तर आधी ‘पेअर’ हा शब्द सोडवावा लागतो. रिंकवर तो तीन प्रकारांना सर्रास लावला जातो : आर्टिस्टिकमधले (चाकांच्या बुटांवरचे फिगर स्केटिंग) पेअर स्केटिंग, त्याच शाखेतला कपल डान्स आणि एका रांगेतल्या चाकांच्या बुटांवरच्या इनलाइन फ्रीस्टाइलमधला पेअर स्लॅलम. पालकांच्या बोलण्यात तर मुलगा-मुलगी हात धरून उतरले की झाले पेअर.

फरक नावापुरता नाही. पेअरमध्ये मुलगा हात पूर्ण ताणून जोडीदारणीला डोक्यावर उचलतो, थ्रो जंपमध्ये तिला उडीसाठी फेकतो. दोघे शेजारी-शेजारी तीच उडी, तोच स्पिन करतात आणि डेथ स्पायरल घेतात, म्हणजे मुलगी मागे झुकून मुलाभोवती फिरते. कपल डान्समध्ये डोक्यावरची लिफ्ट नाही, थ्रो नाही; तिथे एज (चाकांच्या एका बाजूवर झुकून घेतलेले वळण), ताल आणि दोघांतले अंतर पाहिले जाते. स्लॅलम तर 50, 80 आणि 120 सेंमी अंतरावर मांडलेल्या प्लॅस्टिकच्या छोट्या शंकूंच्या (कोन) रांगांमधूनच चालतो. तरीही दोन वर्षे कपल डान्स केलेल्या जोडीला ‘पेअरचा अनुभव आहे’ म्हणत थेट लिफ्टला घेतले जाते. मग मनगट आणि खांदा दुखावतो, कारण पकड आणि खाली उतरवणे बुटांशिवाय, गादीवर घोटलेलेच नसते. उचलण्यापेक्षा उतरवताना जास्त पडझड होते, हे पुरेसे सांगितले जात नाही.

बर्फावर हे दोन प्रकार केव्हाच वेगळे झाले. पेअर 1908 च्या लंडन ऑलिंपिकपासून आहे, आइस डान्सला ऑलिंपिक पदक 1976 पासून. 2002 मध्ये सॉल्ट लेक सिटीत पेअरचा निकाल पंचांच्या 5-4 मतांनी लागला, पंचांवरचा दबाव उघड झाला आणि दुसऱ्या जोडीलाही सुवर्ण द्यावे लागले. त्या वादातून कमाल 6.0 गुणांची जुनी पद्धत गेली आणि प्रत्येक एलिमेंटला, म्हणजे प्रत्येक उडी, स्पिन, लिफ्टला स्वतंत्र गुण आले. गेल्या दशकाच्या अखेरीस चाकांवरही तशीच पद्धत आली. ‘छान दिसले’ एवढ्यावर आता भागत नाही.

डेथ स्पायरलच घ्या. मुलगा खोल बसून टो-स्टॉपवर (बुटाच्या पुढच्या टोकाचा रबरी ब्रेक) पिव्होट धरतो, म्हणजे एका जागी रोवून फिरतो, मुलगी एका एजवर मागे झुकून त्याच्याभोवती फिरते. त्याचा गुडघा वर आला की तिचे डोके वर येते आणि वर्तुळ मोडते. बहुतेक वेळा दोष मुलीच्या माथी मारला जातो, मूळ मात्र मुलाच्या गुडघ्यात किंवा बुटात असते. ट्रकची (बुटाखाली चाकांचा आस धरणारा धातूचा भाग) रबरे फार आवळलेली असतील तर एज खोल जात नाही आणि आतली चाके फरशी सोडतात; फार सैल असतील तर उडीनंतर पाय डगमगतो. गुळगुळीत कोटा फरशीवर कडक चाके घसरतात, मऊ चाकांवर स्पिन लवकर मरतो. उघड्या रिंकवर जून ते सप्टेंबर फरशी ओली, म्हणजे लिफ्ट आणि थ्रो बंदच. बर्फाचे ब्लेड इथल्या मुलांना सरावात सहसा मिळत नाही. त्यांचे पेअर म्हणजे क्वाडवरचे, पुढे दोन आणि मागे दोन चाकांच्या बुटांवरचे.

2010 च्या ग्वांगझू आशियाई खेळांत आर्टिस्टिक होते आणि पेअरमध्ये भारताला कांस्य मिळाले. त्यानंतर ही शाखा त्या स्पर्धेतून गेली. 2018 ला चाकांच्या बुटांवरचे फक्त स्पीड (वेगाच्या शर्यती) होते. 2023 मध्ये झालेल्या हांगझोऊच्या खेळांत स्पीडसोबत इनलाइन फ्रीस्टाइल आले, आर्टिस्टिक नाही. हा निर्णय पेअरला सर्वांत महाग पडला. सोलो खेळाडू एकट्याने टिकून राहतो. जोडीतला एक जण स्पीडकडे वळला किंवा दहावीला थांबला, की दुसऱ्याची वर्षेही वाया जातात. नवा जोडीदार उंची-वजनात जुळेपर्यंत लिफ्ट पुन्हा पहिल्यापासून बसवाव्या लागतात.

शब्दाचा गुंता इथे कागदावर उतरतो. दहावी-बारावीचे क्रीडागुण किंवा सरकारी नोकरीतले खेळाडूंचे 5 टक्के आरक्षण, दोन्हीकडे प्रमाणपत्र तपासले जाते. त्यावर नुसते ‘पेअर’ असेल तर ते कशाचे, हे नंतर सिद्ध करणे अवघड. शाखा, प्रकार, वयोगट आणि जोडीदाराचे नाव स्पर्धेच्या ठिकाणीच, शिक्का पडण्याआधी तपासून घ्यावे.