वंशभेद आणि ख्रिस्ती शिकवण

वंशभेद : माणसाची योग्यता कातडीचा रंग, चेहऱ्याची ठेवण किंवा जन्मकूळ यांवरून ठरवणे आणि त्यानुसार त्याला मान, हक्क, शेजार वा पंगत नाकारणे. मराठीत वर्णभेद, वर्णद्वेष, वंशवाद हेही शब्द रूढ आहेत. यांपैकी ‘वर्ण’ हा शब्द नीट पाहण्याजोगा आहे. कातडीचा रंग आणि चातुर्वर्ण्य हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाविषयी मराठीत बोलू लागले की घरचा भेद त्याच शब्दातून डोकावतो. मानवजात जीवशास्त्राच्या दृष्टीने एकच आहे. युनेस्कोने १९५० साली काढलेल्या निवेदनाने वंशश्रेष्ठत्वाचा शास्त्रीय आधार जाहीरपणे नाकारला. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये धर्म, जात, लिंग आणि जन्मस्थान यांच्या बरोबरीने ‘वंश’ हाही शब्द आहे.

बायबलमधील आधार. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवला गेला आहे, आणि तो कोणा एका जमातीचा माणूस नाही. अथेन्समधल्या भाषणात प्रेषित पौल म्हणतो की देवाने एकापासून सर्व राष्ट्रे निर्माण केली (प्रेषितांची कृत्ये १७). एकोणिसाव्या शतकात काही पंडित गोऱ्यांची आणि काळ्यांची उत्पत्तीच वेगळी असल्याचे सांगू लागले, तेव्हा अनेक ख्रिस्ती लोकांनी याच वाक्याचा आधार घेऊन त्यांना विरोध केला. जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा दाखला मराठी वाचकाला सांगायला नकोच. यहुद्यांना ज्यांचा विटाळ वाटे अशांपैकी एकाला येशूने ‘शेजारी’ ठरवले.

गणनाच्या बाराव्या अध्यायातली गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. मोशेने कूशी, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडील आफ्रिकी, बायको केली म्हणून त्याची बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन त्याच्याविरुद्ध बोलू लागतात. तक्रार पुढे मोशेच्या पुढारीपणावर जाते आणि देवाचा कोप त्यावरूनच होतो, असे बरेच भाष्यकार मानतात. तरी सुरुवात त्या परक्या बाईपासून झाली, आणि मिर्यामची कातडी बर्फासारखी पांढरी पडली, हे दोन तपशील शेजारी शेजारी ठेवणाऱ्या कथाकाराला काही सांगायचे नव्हते असे म्हणवत नाही. तिला सात दिवस छावणीबाहेर राहावे लागते. ती परत येईपर्यंत लोकही मुक्काम हलवत नाहीत.

या विषयाचे मर्म मात्र अंत्युखिया शहरातल्या एका पंगतीत आहे (गलतीकरांस पत्र, अध्याय २). येशूचा शिष्य पेत्र तिथे परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांसोबत जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसे आली तसा तो भीतीने पंगतीतून उठला, आणि त्याचे पाहून पौलाचा सोबती बर्णबासुद्धा उठला. हाच पेत्र पूर्वी कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी गेला होता आणि देव पक्षपाती नाही हे त्याने तिथे कबूल केले होते. तत्त्व त्याला पाठ होते. पौलाने त्याला सर्वांसमक्ष, तोंडावर खडसावले. यहूदी आणि हेल्लेणी (ग्रीक), दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हा भेद ख्रिस्तात उरत नाही, हे प्रसिद्ध वचन याच पत्रात पुढच्या अध्यायात येते. ते एका मोडलेल्या पंगतीच्या रागातून आले आहे, हे विसरले की ते नुसते सुभाषित होऊन बसते. पंक्तिभेद म्हणजे काय हे ज्या समाजाला सांगावे लागत नाही, त्याने तरी ते असे वाचू नये.

विपर्यास आणि प्रतिकार. ख्रिस्ती समाजाने वंशभेद केला, आणि तो बायबल हातात धरून केला, हे स्पष्ट नोंदवले पाहिजे. काळे लोक नोहाच्या हाम या मुलाचे वंशज मानून त्यांची गुलामगिरी ‘हामचा शाप’ म्हणून समर्थनीय ठरवली गेली. प्रत्यक्षात उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहा शाप देतो तो हामला नव्हे, त्याचा मुलगा कनान याला. आणि आफ्रिकेशी जोडला जाणारा कूश हा हामचा वेगळाच मुलगा. मूळ उतारा नीट वाचला असता तरी हा युक्तिवाद टिकला नसता. पोप पाचवे निकोलस यांनी १४५२ मध्ये पोर्तुगालच्या राजाला ख्रिस्तेतरांना गुलाम करण्याची मुभा दिली. तिसरे पॉल यांनी १५३७ मध्ये अमेरिकेतील मूलनिवासींचे स्वातंत्र्य हिरावू नये असे फर्मावले. स्पेनचे धर्मगुरू लास कासास हे मूलनिवासींचे कैवारी. त्यांनी आधी आफ्रिकी गुलाम आणण्याची सूचना केली होती आणि पुढे तिचा मनापासून पश्चात्ताप केला.

दक्षिण आफ्रिकेत भेद उघडपणे शिरला तो प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या उपासनेच्या, मेजावर. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या १८५७ च्या धर्मसभेने मान्य केले की सर्वांनी एकत्र उपासना करणे हेच शास्त्राला धरून आहे; पण ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ वेगळी बैठक चालेल. ही सवलत १८८१ मध्ये वेगळे मिशन चर्च बनली, आणि पुढे वंशविलगतेच्या (अपार्थाइड) राजवटीला धार्मिक आधार याच परंपरेतून मिळाला. त्या वेगळ्या काढलेल्या चर्चनेच १९८२ मध्ये बेल्हारचा विश्वासकबुलीजबाब, म्हणजे आपली श्रद्धा जाहीर करणारा लेख, लिहिला, १९८६ मध्ये तो स्वीकारला आणि वंशावर आधारलेली फारकत सुवार्तेच्या विरुद्ध ठरवली. जर्मनीत हिटलरच्या काळात चर्चच्या नोकरीतही ‘आर्य’ असण्याची अट आली. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्यांनी १९३४ मध्ये बार्मेनचे घोषणापत्र काढले, पण ज्यूंचा नावानिशी उल्लेख त्यातही नाही. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले पत्र गोऱ्या धर्मगुरूंनाच उद्देशून होते.

पुण्याचा संबंध. जोतीराव फुले पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ मध्ये निघाले आणि काळ्यांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ते अर्पण केलेले आहे. मिसिसिपीच्या काठचे दास्य आणि मुळा-मुठेच्या काठचे दास्य त्यांनी एकाच तागडीत तोलले. त्याआधी १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या मिशनरी पत्राने छापला. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेतील मुक्कामावर १८८९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्या देशाची मनापासून स्तुती केली, आणि तिथल्या काळ्यांवर व मूलनिवासींवर झालेला अन्यायही लिहिला. पुढच्याच वर्षी त्यांचे शारदासदन, विधवांसाठीची शाळा आणि वसतिगृह, पुण्यात आले.

त्याच १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये, जिथे पवित्र नाम देवालय उभे आहे, शहरातील प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. मिशनऱ्यांच्या हातचे खाणेपिणे तेव्हा जातीला चालत नसे. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला नुसता हातात धरला. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणताच गावात वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रकरणाला तोंड द्यावे लागले. हे प्रकरण बहुधा पुणेरी गंमत म्हणून सांगितले जाते. अंत्युखियाच्या शेजारी ठेवले तर त्यातली भीती ओळखीची वाटते : कोणी पाहिले तर काय म्हणेल, ही.

मिशनरीही या दोषातून मुक्त नव्हते. युरोपियन हातात सूत्रे आणि देशी माणूस मदतनीस, ही घडी बराच काळ टिकली. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक याच कारणाने १९१७ मध्ये मिशनच्या चाकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. नगर रस्त्यावर रामवाडीला असलेले पेपल सेमिनरी तेराव्या लिओ पोपने १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे देशी धर्मगुरू घडवण्यासाठी स्थापले; ते १९५५ मध्ये पुण्यात आले. ‘हे भारता, तुझेच पुत्र तुझ्या तारणाचे सेवक’ या अर्थाचे लॅटिन वचन त्या स्थापनेशी जोडलेले आहे.

वंश आणि जात. जात म्हणजे वंश का, हा वाद मोकळा आहे. फुल्यांनी आर्यांच्या आगमनाचा सिद्धांत ब्राह्मणी वर्चस्वावर उलटवला, डॉ. आंबेडकरांनी मात्र जातीची वांशिक उपपत्ती नाकारली. डर्बनच्या २००१ च्या जागतिक परिषदेत भारत सरकारने जातीचा प्रश्न वंशभेदात मोडत नाही अशी भूमिका घेतली. ख्रिस्ती लोकांना या वादाच्या आडोशाला उभे राहता येत नाही, कारण याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय उपासनेत कोणाला चांगली जागा देता आणि कोणाला पायाशी बसवता एवढेच विचारतो. भारतातील काही भागांत दलित ख्रिस्ती लोकांची बैठक आणि दफनभूमीसुद्धा वेगळी राहिली आहे. कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने दलितांविषयीच्या २०१६ च्या धोरणपत्रात चर्चमधला हा भेद मान्य केला. दुसरीकडे, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता होता. तो १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती दलित त्याबाहेर राहिले.

आजचे शहर. शिक्षणासाठी पुण्यात येणाऱ्यांत आफ्रिकी देशांतले आणि ईशान्य भारतातले तरुण पुष्कळ असतात. नागालँड, मिझोराम, मेघालयातले बहुतेक जण ख्रिस्ती. ऑगस्ट २०१२ मध्ये आसामातील हिंसाचारानंतर अफवा पसरल्या, पुण्यात ईशान्येकडील तरुणांवर हल्ले झाले आणि हजारोंनी रेल्वेने शहर सोडले. एरवीचा भेद इतका उघड नसतो. तो ‘चिंकी’, ‘हबशी’ या हाकांत असतो, आणि ‘गोरी, निदान गव्हाळ’ मुलगी मागणाऱ्या स्थळांत. ही मागणी ख्रिस्ती घरांतही ऐकू येते. खोली पाहायला आलेल्या नागा मुलाला घरमालक बहुधा भाड्याच्या आधी एक प्रश्न विचारतो : जेवणात काय शिजवता?