पुरवठा साखळीतील जोखीम: एका अभ्यासविषयाची घडण

पुरवठा साखळीतील जोखीम हा विषय विद्यापीठांत तसा उशिरा पोहोचला. माल वेळेवर न येण्याची भीती कारखान्यांना पूर्वापार होती, पण ती खरेदी खात्याची डोकेदुखी मानली जाई. आज या विषयावर शोधनिबंधांचा ढीग पडतो. त्यातले महत्त्वाचे निबंध कालक्रमाने लावले, तर बहुतेकांच्या मागे दोन-चार वर्षांपूर्वीची एखादी आग, भूकंप किंवा पूर सापडतो. संशोधक नेहमीच उशिरा पोहोचले, असा आरोप यावरून करता येईल. मला त्याहून रंजक वाटते ती गोष्ट वेगळी: दर आपत्तीनंतर अभ्यासाचा मूळ प्रश्नच थोडा सरकत गेला.

याला एक ठळक अपवाद आहे. एमआयटीतील जे फॉरेस्टर यांनी १९५८ साली मांडले की कारखान्याच्या उत्पादनातले मोठे चढउतार बाहेरच्या धक्क्यातूनच येतात असे नाही, ते साखळीच्या आतच तयार होतात. दुकानातील विक्री थोडी वाढते, दुकानदार जरा जास्त मागणी नोंदवतो, वितरक त्यावर आणखी चढवतो आणि कारखान्यापर्यंत पोहोचेतो त्या थोड्याशा वाढीची लाट झालेली असते. चार दशकांनी, १९९७ मध्ये, हाऊ ली, पद्मनाभन आणि व्हांग या त्रयीने या ‘बुलव्हिप इफेक्ट’ची कारणे नीट मांडली. त्यांचे गाजलेले उदाहरण प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या डायपरचे. बाळांची गरज जवळपास स्थिर, तरी मागणीचे आकडे मात्र हेलकावे खाणारे. त्यांनी दिलेल्या चार कारणांपैकी एक होते टंचाईच्या भीतीने केलेली फुगवलेली नोंदणी. २०२१ च्या चिप-टंचाईत हे कारण पुन्हा चर्चेत आले.

जोखीम हा शब्द व्यवस्थापनाच्या चौकटीत थेट आला तो १९८३ मध्ये. सत्तरच्या दशकातील तेलाच्या दोन धक्क्यांनी खरेदीदार हादरले होते. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीचे पीटर क्राल्यिच यांनी खरेदीच्या वस्तू दोन कसोट्यांवर मांडल्या: नफ्यावर किती परिणाम आणि पुरवठा किती धोक्याचा. त्यांच्या चार चौकोनांपैकी एकात ‘अडथळ्याच्या’ वस्तू होत्या, म्हणजे किमतीने किरकोळ पण मिळवायला अवघड. त्या चौकोनाकडे पुढची तीस वर्षे कुणी फारसे गंभीरपणे पाहिले नाही.

कारण वारे उलट दिशेने वाहत होते. ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हा शब्दप्रयोग १९८२ मध्ये सल्लागार कीथ ऑलिव्हर यांनी प्रचारात आणला. त्याच काळात टोयोटाची ‘जस्ट इन टाइम’ पद्धत, म्हणजे भाग लागतील तेव्हाच मागवण्याची, पाश्चात्त्य उद्योगांनी उचलली आणि साठा कमी करणे हेच उत्तम व्यवस्थापन ठरले. साठा म्हणजे पडून राहिलेला पैसा, हे खरेच होते. तोच साठा धक्के झेलतो, ही नोंद मात्र हिशेबाच्या वहीत कुठेच होत नव्हती.

१ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधील कारिया येथे आयसिन सेइकीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला पी-व्हॉल्व्ह हा छोटा भाग टोयोटा जवळजवळ पूर्णपणे याच एका कारखान्यातून घेत असे आणि टोयोटाकडे साठा होता काही तासांचा. जपानमधील टोयोटाच्या बहुतेक उत्पादन रेषा थांबल्या. निशिगुची आणि बोदे या अभ्यासकांनी पुढच्याच वर्षी लिहिलेला वृत्तांत वाचण्यासारखा आहे, तो आगीमुळे नव्हे, तर त्यानंतरच्या दिवसांमुळे. साठहून अधिक कंपन्यांनी, त्यातल्या कित्येकांनी हा भाग पूर्वी कधी बनवलेला नसताना, आपापल्या यंत्रांवर व्हॉल्व्ह बनवायला घेतले. दर कुणी आधी ठरवला नाही, करारमदारही थांबवून ठेवले. एकाच पुरवठादारावर विसंबण्याने टोयोटा अडकली आणि पुरवठादारांशी असलेल्या जुन्या जवळिकीने सुटली. या दोन गोष्टी एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू होत्या, ही अडचण या क्षेत्राला आजही पुरती सोडवता आलेली नाही.

त्यानंतरची घटना व्यवस्थापनाच्या वर्गांत सर्वाधिक सांगितली जाते. १७ मार्च २००० ला न्यू मेक्सिकोतील आल्बुकर्क येथे वीज पडून फिलिप्सच्या चिप कारखान्यात आग लागली. ती दहाएक मिनिटांत विझली, पण धूर आणि पाण्याने निर्जंतुक कक्षांची वाट लागली. या कारखान्याच्या चिप घेणाऱ्या दोन मोबाइल कंपन्यांपैकी नोकियाने ताबडतोब हालचाल करून पर्याय मिळवले. एरिक्सनकडे त्या चिपसाठी दुसरा पुरवठादारच नव्हता आणि तिला सुमारे ४० कोटी डॉलरचा फटका बसला. पुढच्या वर्षी तिचा मोबाइल व्यवसाय सोनीबरोबरच्या संयुक्त कंपनीत गेला. ही गोष्ट जरा जास्तच सुबक करून सांगितली जाते, हे इथे नोंदवायला हवे. एरिक्सनच्या हँडसेट व्यवसायाला आगीखेरीज इतरही दुखणी होती. पण दहा मिनिटांची आग आणि ४० कोटी डॉलर या जोडीने अभ्यासकांना धक्क्याच्या आकारापासून दूर नेले. धक्का केवढा, याऐवजी तो कुठे बसला, हे महत्त्वाचे ठरू लागले.

मग घटनांची रांगच लागली. सप्टेंबर २००० मध्ये इंधन-दरांविरुद्धच्या आंदोलनाने ब्रिटन काही दिवसांत ठप्प झाला, २००१ मध्ये तिथेच जनावरांत लाळ्या-खुरकुताची साथ आली आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर अमेरिकेच्या सीमेवर ट्रक खोळंबल्याने फोर्डला आपल्या जुळणी रेषा अधूनमधून थांबवाव्या लागल्या. ब्रिटिश सरकारच्या पाठबळावर क्रॅनफिल्ड विद्यापीठाने अभ्यास केला. त्यातून मार्टिन क्रिस्टोफर आणि हेलन पेक यांचा २००४ चा निबंध आला आणि ‘लवचीकता’, म्हणजे धक्क्यानंतर सावरण्याची क्षमता, ही संज्ञा या क्षेत्रात रुजली. एमआयटीचे योसी शेफी यांनी तोच धागा उद्योगांपर्यंत नेला.

संचालक मंडळे मात्र पैशाच्या भाषेशिवाय ऐकत नाहीत. ती भाषा केविन हेंड्रिक्स आणि विनोद सिंघल यांनी पुरवली. कंपन्यांनी जाहीर केलेल्या ५१९ पुरवठा-अडचणींचा अभ्यास करून २००३ मध्ये त्यांनी दाखवले की अशा घोषणेच्या सुमारास भागधारकांच्या संपत्तीत सरासरी दहा टक्क्यांहून अधिक घट होते. अर्थात, ज्या अडचणी जाहीर झाल्याच नाहीत त्या या हिशेबात नाहीत.

२०११ ने यातली उरलीसुरली निश्चिंती घालवली. मार्चमध्ये जपानमधील भूकंप आणि त्सुनामीने रेनेसास या चिप कंपनीचा नाका या गावातील कारखाना बंद पडला आणि जगभरच्या वाहन कंपन्यांना मायक्रोकंट्रोलर, म्हणजे गाडीतील यंत्रणा चालवणाऱ्या चिप, मिळेनात. तिथेच ओनाहामा येथील मर्क या रसायन कंपनीच्या एकाच कारखान्यात बनणारे चमकदार रंगद्रव्य थांबल्याने फोर्डने काही काळ्या आणि लाल छटांच्या गाड्यांची नोंदणी रोखली. त्याच वर्षी थायलंडच्या पुराने हार्ड डिस्कचा तुटवडा आणला. रंगद्रव्याचा पुरवठादार वाहन कंपन्यांच्या थेट यादीत नव्हताच, तो पुरवठादाराच्या पुरवठादाराच्या मागे कुठेतरी होता.

इथे खरे वळण आले. तोवरच्या बहुतेक प्रारूपांत जोखीम म्हणजे घटनेची संभाव्यता गुणिले नुकसान. शतकात एखादे वेळी येणाऱ्या त्सुनामीची संभाव्यता कुणी आणि कशी मांडायची? एमआयटीचे डेव्हिड सिम्ची-लेव्ही आणि सहकाऱ्यांनी फोर्डबरोबर काम करताना हा प्रश्न बाजूला ठेवला. कारखाना आगीने बंद पडो वा पुराने, तो पूर्ववत व्हायला किती दिवस लागतील आणि तोवर आपण किती दिवस तग धरू, एवढेच त्यांनी विचारले. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान असेल तिथे धोका. या मोजणीतून निघालेला निष्कर्ष खरेदी खात्यांना अवघडून टाकणारा होता: पुरवठादारावर होणारा खर्च आणि त्याच्या बंद पडण्याने होणारे नुकसान यांचा संबंध नव्हता. अनेक मोठे धोके स्वस्त भागांत दडलेले होते. क्राल्यिच यांचा दुर्लक्षित चौकोन असा परत आला, फक्त आता त्यात आकडे होते.

अर्थशास्त्रज्ञांनी याच भूकंपाचा वेगळा उपयोग केला. जपानमधील कंपन्यांच्या परस्पर-व्यवहारांची विस्तृत माहिती हाती असल्याने कार्व्हाल्हो आणि सहकाऱ्यांना धक्का पुरवठादारांकडून ग्राहकांकडे आणि ग्राहकांकडून पुरवठादारांकडे, असा दोन्ही दिशांना पसरताना दाखवता आला. त्यांच्या अंदाजाने त्या आपत्तीमुळे पुढच्या वर्षी जपानच्या वास्तव जीडीपी वाढीचा दर ०.४७ टक्के-बिंदूंनी घटला. अशी माहिती बहुतेक देशांत उपलब्ध नाही, म्हणून या विषयातले कितीतरी ज्ञान अजूनही जपानी आहे.

कोविडने एक गृहीतक मोडले. तोवर एक कडी तुटते आणि बाकीची साखळी मदतीला धावते, असे चित्र होते. २०२० मध्ये कारखाने, बंदरे आणि मागणी एकदमच विस्कटली. दिमित्री इव्हानोव्ह आणि अलेक्झांडर डोल्गुई यांनी तेव्हापासून पूर्वस्थितीला येण्यापेक्षा दीर्घकाळ टिकून राहण्यावर भर दिला. आंद्रेआस वीलंड आणि ख्रिश्चन ड्युराक यांनी २०२१ मध्ये आणखी मूलभूत आक्षेप घेतला: साखळीला यंत्र समजून जुन्या जागी परत आणण्याचा आग्रह का? त्यांचा आधार पर्यावरणशास्त्रात होता. तिथे सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ मध्येच लवचीकता आणि स्थैर्य या गोष्टी वेगळ्या केल्या होत्या.

सरकारे मात्र वेगळ्याच निष्कर्षावर आली आहेत: उत्पादन मायदेशी आणा. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेने चिप, मोठ्या क्षमतेच्या बॅटऱ्या, महत्त्वाची खनिजे आणि औषधे यांच्या पुरवठ्याचा शंभर दिवसांत आढावा घेण्याचा आदेश काढला. लगेच पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, मिशिगनमधील अ‍ॅबटचा एक कारखाना बंद पडला आणि त्या देशात बाळांच्या दुधाच्या पावडरीची तीव्र टंचाई झाली. अमेरिकेत खपणारी ही पावडर जवळपास सगळी देशातच बनत होती, पण मोजक्या कंपन्यांच्या मोजक्या कारखान्यांत. आणि आयातीवर कडक निर्बंध होते. मे महिन्यात लष्करी विमानाने जर्मनीतून पावडर आणावी लागली.