फाउंटन्सचा मठ : छत गेले, कोठार टिकले

इंग्लंडच्या उत्तर यॉर्कशायरमध्ये, रिपन गावाजवळ, स्केल नदीच्या अरुंद खोऱ्यात फाउंटन्स मठाचे अवशेष उभे आहेत. यॉर्कच्या सेंट मेरी मठातील सैल शिस्तीला विटलेल्या १३ भिक्षूंनी ११३२ मध्ये तो स्थापन केला. थोड्याच काळात तो सिस्टर्शियन या कडक शिस्तीच्या ख्रिस्ती भिक्षूंच्या पंथात गेला आणि लोकरीच्या व्यापारावर गडगंज झाला. साधेपणाचे व्रत घेतलेल्यांची ही श्रीमंती गमतीची खरी, पण बांधकामाचा खर्च तिनेच भागवला.

आज येथील चर्चच्या मुख्य दालनात उभे राहिले, की डोक्यावर थेट आभाळ दिसते. त्याला लागूनच असलेल्या कोठाराचे, म्हणजे सेलारियमचे छत मात्र शाबूत आहे. हा फरक कशामुळे पडला, याचे उत्तर बांधकामाच्या साहित्यात सापडते. चर्चच्या दालनावर लाकडी छप्पर होते आणि त्यावर शिशाचे पत्रे. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत मठ बरखास्त झाला, तेव्हा सर्वांत आधी नजर गेली ती या शिशावर. शिसे ३२७ अंश सेल्सिअसलाच वितळते, त्यामुळे साध्या लाकडी जाळावरही त्याच्या लाद्या ओतता येतात. पत्रे निघाले, पावसाचे पाणी तुळयांत मुरले आणि छप्पर गेले.

सुमारे ९० मीटर लांबीच्या कोठारात मात्र उचकटण्याजोगे असे काही नव्हतेच. मधोमध खांबांची एक रांग आहे. खांबांना शीर्षे नाहीत. दगडी फासळ्या थेट खांबातूनच फुटतात, झाडाच्या बुंध्यातून फांद्या निघाव्यात तशा, आणि वर २२ खणांची दुहेरी कमानदार रचना पेलतात. छताचा भार या फासळ्यांवरून खांबांकडे व बाजूच्या जाड भिंतींकडे उतरतो. लाकूड नसल्यामुळे कुजण्याचा प्रश्नच नाही. आता तेथे वटवाघळे राहतात.

उत्तरेकडील सुमारे ५० मीटर उंचीचा मनोरा मठाधिपती मार्माड्यूक ह्यूबी यांनी उभारला. उंच मनोरे पंथाच्या जुन्या नियमांत बसत नव्हते. ह्यूबी १५२६ मध्ये वारले आणि मठ त्यानंतर अवघी १३ वर्षे टिकला. पुढे शेजारी फाउंटन्स हॉल नावाचा वाडा बांधला गेला, तेव्हा त्यासाठी याच मठाचे दगड नेले गेले.